सावकाश गेमचा विजेता

समस्त शेलूबाजारास गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी विमानांच्या व्हिडिओ गेममध्ये मेहुण्याला हरवले. शाळेपासून तोच जिंकत आला होता. पण माझ्या हातभर पेटीतल्या स्वस्त, छोट्या कॉम्प्युटरवर तो जुना गेम इतका सावकाश चाले, की समोरून गोळी येईपर्यंत माझा चष्मा पुसून होई. मेहुणा घाईने बटणे दाबून मरे. त्याने हट्टच धरला, की गेम दुरुस्त करून पुन्हा खेळायचे.

म्हणून आम्ही पेटी घेऊन रिपेअरिंगवाल्या भाईंकडे गेलो. भाई मशीनला कधी दोष देत नाहीत, गिऱ्हाइकाला देतात. दुरुस्त करू नका, म्हणून मी त्यांना गुपचूप डोळा मारला. डोळ्यात कचरा गेला समजून त्यांनी धूळ उडवायचा ब्लोअर माझ्या तोंडावर धरला. मग चिपवर बोट ठेवून मायेने विचारले, "काहून दमला रे राजा?" आणि माझ्यावर डाफरले, "मोबाइलच्या चार्जरवर चालवून राह्यले तुमी! उपाशी माणूस धावते काय?"

त्यांनी दमदार चार्जर लावला, चिपवर छोटा पंखा बसवला. गेम सुसाट सुटला. मिनिटभरात माझी तिन्ही विमाने पडली. मेहुणा हसत होता, भाई समाधानाने हात पुसत होते, आणि भरल्या दुकानात मी ओरडलो, "भाई, याले पयलेसारखं बिघडवून देता काय?"