बाईंचा सिलिंडर किती दिवस पुरतो

सुलभाबाई चौबळ यांची आणि माझी पहिली भेट माझ्या पत्नीने घडवून आणली, आणि त्यामागे साहित्यप्रेम अजिबात नव्हते. अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात तेहेतीस वर्षे शिफ्ट सांभाळून मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागलो. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ लिहिले, तिथवर रंजनाने सोसले. मिसळणाच्या डब्यावर ‘हलक्या हाताने उघडावे’ असे लिहिल्यावर मात्र तिने आम्ही राहतो त्या कात्रपमधल्या शेजारणीकडे चौकशी केली आणि शनिवारी दुपारी मला अंबरनाथ पूर्वेच्या एका सोसायटीच्या सभागृहात नेऊन सोडले, मुलांना बालवाडीत सोडतात तसे. जाताना बाईंना म्हणाली, “यांना लिवाची लय हौस हाय. काय पन लिवू द्या, फक्त माज्या डब्यांवर नको.”

बाई तिथे गेली अकरा वर्षे दर शनिवारी चार वाजता लिहिण्याचा वर्ग घेतात. कथा-कादंबरीचा नव्हे, स्वतःबद्दल लिहिण्याचा. आम्ही दहा-बाराजण असतो. बहुतेक गृहिणी, काही माझ्यासारखे घरच्यांनी पाठवलेले. बाई येताना डबा आणत. अळूवड्या, थालीपीठ, उन्हाळ्यात फणसाची भाजी. पहिले काही महिने मी वर्गाला नक्की कशासाठी जात होतो, हे बाईंच्या या अमृतमहोत्सवी अंकात उगाच स्पष्ट करत बसत नाही.

पहिल्या शनिवारी मी इथल्या प्राचीन शिवमंदिरावर चार पाने लिहून नेली होती. ‘कालौघात अविचल उभे असलेले’ वगैरे. बाईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि विचारले, “भोईर, तुम्ही देवळात शेवटचे कधी गेला होतात?”

मी आठवून सांगितले, “मुलगी चौथीत होती तेव्हा.” मुलगी आता बँकेत अधिकारी आहे.

“आणि आज सकाळी काय केलंत?”

“विशेष काही नाही. गॅस संपला होता, सिलिंडर बदलला.”

“मग ते लिहा.”

मी तिथल्या तिथे लिहून दाखवले: ‘सकाळी ७.४०. सिलिंडर बदलला. गळती तपासली. गळती नाही. सर्व ठीक.’ कारखान्यातल्या नोंदवहीत मी तेहेतीस वर्षे असेच लिहीत आलो होतो. बाई मनापासून हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “बाकी राहू दे, पण या वर्गात ‘सर्व ठीक’ लिहायला बंदी आहे.”

ही बंदी कुठून आली, ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो. बाई उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. बाहेरगावी फोन लावायचा तर त्यांच्यासारख्या कुणाला तरी तो जोडून द्यावा लागे, आणि तीन मिनिटे झाली की मध्येच आवाज देऊन तसे सांगावे लागे. “ऐकायचं नसतं,” बाई म्हणतात, “पण कान काही घरी ठेवून येता येत नाही.” त्यांच्या लक्षात आले की माणसे पहिली अडीच मिनिटे ‘सगळं ठीक ना, आमचं ठीक आहे’ यातच घालवतात. ‘तीन मिनिटं होत आली’ असा आवाज आला की मग घाईघाईने खरे काय ते बोलतात. दादा आजारी आहेत. मला इथे करमत नाही. तू ये. बाईंची सगळी लेखनविद्या या एका अनुभवात आहे. आमच्यापैकी कुणी लेखात लांबण लावली की त्या टेबलावर बोटाने टकटक करतात आणि जुन्याच आवाजात म्हणतात, “तीन मिनिटं झाली.” लिहिणारा बरोबर मुद्द्यावर येतो.

बाईंनी मला दिलेला पहिला गृहपाठ विचित्र होता. घरातली जुनी कॅलेंडरे काढून वाचायची. आमच्याकडे ती फेकत नाहीत, कारण रंजना त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पापड वाळत घालते. आपल्याकडच्या कुठल्याही घराप्रमाणे तिने त्या चौकोनांत दुसरे काही लिहो न लिहो, ‘गॅस लावला’ हे दोन शब्द लिहिलेच होते. मी शिफ्टचा माणूस. दोन सिलिंडरांमधले दिवस मोजत बसलो. चाळीस, त्रेचाळीस, एकेचाळीस. दिवाळीला पाहुणे आले तेव्हा सव्वीस. आणि मग एका वर्षी आषाढात लावलेला सिलिंडर थेट दसऱ्याच्या तोंडावर बदललेला.

मला आधी गळतीच्या उलट काहीतरी यांत्रिक चमत्कार वाटला. मी रंजनाला विचारले, “हा सिलिंडर इतके दिवस कसा काय पुरला?”

ती पापड उलटत होती. म्हणाली, “त्या साली तुमचा नवा प्लांट चालू होयाचा व्हता. तुम्ही डबल ड्युटी करून कॅन्टीनमधीच जेवायचात. पोर होस्टेलला गेलेली. एकटीपुरता कुकर काय लावाचा? च्या-पाव खाल्ला का झाला.”

“तीन महिने?”

“व्हय.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही इचारायचात, सगला ठीक ना? मी बोलायची, ठीक.”

मी त्या शनिवारी एवढेच लिहून नेले. सहाच ओळी होत्या. वाचताना माझा आवाज ऐनवेळी दगा देईल असे मला वाटले नव्हते, पण त्याने दिला. मग आमच्या उल्हासनगरच्या वाधवानीभाभी हळूच म्हणाल्या, “भोईरभाऊ, ये तो मेरा भी होता है. हमारे ये माल घ्यायला सूरतला जातात ना, तेव्हा मी पण जेवण नाय बनवत.” बाईंनी माझा कागद मागून घेतला. भाषेबद्दल, शैलीबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटी मी सवयीने ‘असो, आता सर्व ठीक आहे’ असे लिहिले होते, तेवढी ओळ खोडली आणि कागद परत दिला. त्या दिवसापासून मी घरी ‘सर्व ठीक ना’ असे विचारणे सोडले. आता ‘आज काय जेवलीस’ असे विचारतो. रंजना म्हणते, हे जास्त डोकेदुखीचे आहे, पण सांगते.

वाधवानीभाभींचे नाव निघालेच आहे तर बाईंच्या आणखी एका गोष्टीची नोंद करतो. भाभींचे लेस आणि काठांचे दुकान आहे. आपले मराठी कच्चे म्हणून त्या वर्गात नुसत्या बसून राहायच्या. त्यात लग्नसराई आली आणि दुकान सोडता येईना, तेव्हा आता वर्गातून माझे नाव काढा म्हणाल्या. पुढचे दोन महिने बाई वर्ग संपवून, गुडघे दुखत असताना, रिक्षाने त्यांच्या दुकानात जात आणि लेसच्या रिळांमध्ये स्टुलावर बसून त्यांचा एकटीचा वर्ग घेत. “गिऱ्हाइकाशी जसं बोलता तसंच लिहा,” एवढेच सांगत. तिथे भाभींनी जे लिहिले ते याच अंकात पुढे आहे: गिऱ्हाईक वीस लेसा उलगडून, काहीच न घेता निघून गेल्यावर त्या पुन्हा गुंडाळताना मनात काय चालते. मराठी, हिंदी आणि सिंधी अशा तीन भाषा एका वाक्यात आहेत. बाईंनी त्यातला एकही शब्द बदलू दिला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तिथे येतो, नाहीतर बाई टेबल वाजवतील.

गेल्या उन्हाळ्यात बाईंच्या चिरंजिवांची हैदराबादला बदली झाली. सून, नात सगळे गेले. बाईंनाही आग्रहाने बोलावले होते. पण त्या म्हणाल्या, “माझा शनिवार इथे आहे.” आम्हाला ऐकून बरे वाटले. त्यानंतर डब्याऐवजी बिस्किटांचा पुडा येऊ लागला. आम्ही तो खाल्ला. बाईंचे वय झाले, दगदग होत नसेल, असे आपसांत म्हणालो आणि विषय संपवला. ज्या बाईंनी आम्हाला पाहायला शिकवले, त्यांच्याकडेच आम्ही बाराजणांनी पाहिले नाही, हे मला लिहून ठेवायचे आहे.

गौरी-गणपतीनंतर या अंकासाठी फोटो मागायला मी त्यांच्या घरी गेलो. बाई आतल्या खोलीत अल्बम शोधत होत्या. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. भिंतीवर कॅलेंडर होते. लागलेली सवय, मी पाने मागे उलटत गेलो. भाद्रपद, श्रावण, आषाढ, ज्येष्ठ. ‘गॅस लावला’ सापडले ते अक्षय्य तृतीयेच्या चौकोनात. मुलगा हैदराबादला गेला तो त्याच आठवड्यात. मी वाकून सिलिंडर हलवून पाहिला. अजून निम्मा होता.

“काय शोधताय भोईर?” मागून बाईंचा आवाज आला.

“पाणी.”

“पाणी त्यात नसतं.”

मी सरळ उभा राहिलो. तेच जुने विचारले, “बाई, सर्व ठीक ना?”

“सर्व ठीक,” बाई म्हणाल्या.

मी ओट्यावर बोटाने टकटक केले. म्हटले, “बाई, तीन मिनिटं झाली.”

त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी फोटो ओट्यावर ठेवला आणि स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “भाजी चिरायला घेते. अर्ध्यावर आली की वाटतं, कुणासाठी? नात समोर बसून मटार सोलायची. निम्मे खायची.” मग म्हणाल्या, “कॅलेंडर मीच शिकवलं ना तुम्हाला. चूक माझीच.”

घरी येऊन मी रंजनाला सांगितले. तिने लगेच पिशवीत भाजी भरली. पुढच्या शनिवारी वर्ग सभागृहात भरला नाही, बाईंच्या स्वयंपाकघरात भरला, आणि चारऐवजी दहाला. नियम रंजनाने केले. शिजवलेले कुणी आणायचे नाही, कच्चे आणायचे. शिजवायचे तिथेच, आणि फोडणी बाईंनीच द्यायची. बाईंनीही आपला एक नियम घातला. जो मटार सोलेल त्याने सोलता सोलता वाचायचे. रंजना आता बुधवारीही जाते. ती लिहीत नाही, पण बाई तिला बोलते करतात आणि नंतर मला म्हणतात, तुमच्या घरातली खरी लेखिका तुम्ही डब्यांपाशी ठेवलीत. आणि अकरा वर्षांत ज्यांनी स्वतःचे एक पान आम्हाला वाचून दाखवले नव्हते, त्या बाईंनी तिसऱ्या शनिवारी, हाताला हळद लागलेली असताना, नातीच्या मटारांवरचे दीड पान वाचले. वाधवानीभाभी रडल्या. मी कांदा चिरत होतो, त्यामुळे माझी सोय झाली.

हा लेख छापण्याआधी बाईंना दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: सिलिंडर निम्मा नव्हता, त्याहून थोडा कमी होता. मी कारखान्यातला माणूस आहे, माझे माप बदलणार नाही.

तो सिलिंडर पुढे लवकरच संपला. त्यानंतरचा गेल्या शनिवारी संपला, वरणाला फोडणी द्यायच्या वेळी. ज्योत बारीक झाली, फडफडली आणि विझली. भाभींनी टाळ्या वाजवल्या. मी नवा सिलिंडर लावला, गळती तपासली. बाईंनी पेन्सिल घेऊन कॅलेंडरवर ‘गॅस लावला’ लिहिले आणि मला विचारले, “किती दिवस झाले?”

“अडतीस.”

बाईंनी क्षणभर त्या चौकोनाकडे पाहिले, आणि आमच्यावर अकरा वर्षे घातलेली बंदी मोडून त्याच्याच खाली आपल्या अक्षरात लिहिले: ‘सर्व ठीक.’

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या आमच्या बाईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांचे ऐकोत, आणि पुढची पुष्कळ वर्षे त्यांचा सिलिंडर चाळीस दिवसांच्या आत संपत राहो. बदलायला मी आहे.