ल्युबिंकोचा उंदीर

आमच्या पिरोतच्या माणसांच्या चिकटपणावर सर्बियाभर विनोद सांगितले जातात. आम्ही ते स्वतःच सांगतो, म्हणजे निदान मक्ता तरी गावात राहतो. तेव्हा स्वतःच्या पैशाला जपणारी माणसं आमच्याकडे पैशाला पासरी. त्यांच्यावर लिहिण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्याच्या पैशाला जपणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. नदीपलीकडचा ल्युबिंको मिस्त्री.

त्याचं गॅरेज म्हणजे त्याच्या वडिलांचा गोठा. गव्हाणीत आता पाने-पकडी असतात आणि दारातल्या अक्रोडाखाली गाड्या उभ्या राहतात. त्याआधी तो गावातल्या रबराच्या कारखान्यात होता. दाब, उष्णता मोजणारी मापकं सांभाळायची, हे त्याचं काम. एकदा टायर भाजायच्या बॉयलरचा काटा भलताच चढायला लागला. मुकादम म्हणाला, मापक बिघडलंय, बदला. बदललं. नवीन मापकही तेच दाखवायला लागलं. मुकादम म्हणाला, सगळा मालच खराब आलाय. तिसरं मापक येण्याआधी बॉयलरचं झाकण उडालं. मेलं कुणी नाही, पण ल्युबिंकोचा डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून तो कुठल्याही मापकाला खोटारडं म्हणताना दहादा विचार करतो, आणि इंजिन ऐकताना उजवा कान पुढे करतो.

गेल्या शरदात माझी बायको नेवेना आजारी पडली. शस्त्रक्रिया झाली आणि मग निश शहरातल्या दवाखान्यात किरणोपचार सुरू झाले, शनिवार-रविवार सोडून रोज. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मध्ये खंड पडता कामा नये. दवाखान्याची मिनीबस होती, पण ती सगळ्यांना गोळा करत जाई आणि सगळ्यांचं आटपेपर्यंत थांबे. नेवेनाला तेवढं बसवत नसे. राहिली आमची गाडी. ती माझ्या चुलतभावाने जर्मनीत वीस वर्षं वापरून, तिथे कुणी घेईना म्हणून प्रेमाने आम्हाला दिलेली. महामार्गावर टोल आहे, म्हणून आम्ही सिचेवोच्या घळईतल्या जुन्या रस्त्याने जायचो. नदी, कडा आणि बोगदे. फुकटात एवढंच मिळतं.

दुसऱ्या आठवड्यात गाडीने इंजिनाचा पिवळा दिवा लावला आणि चढावर धापा टाकायला सुरुवात केली. नेवेना आत टेबलावर होती तेवढ्यात मी निशमधल्या एका चकचकीत गॅरेजात गेलो. तिथल्या तरुणाने केबल जोडली. यंत्राने तीन सेन्सर सांगितले: हवा मोजणारा, धुरातला प्राणवायू मोजणारा आणि हवेच्या झडपेवरचा. मुलगा सभ्य होता. जे यंत्राने सांगितलं तेच त्याने मला सांगितलं, फक्त पुढे आकडा घालून.

"तिन्ही बदला साहेब, म्हणजे प्रश्नच नको."

प्रश्न खरोखरच उरला नसता. तेवढे दिनार गाडी विकून उभे राहिले नसते, आणि राहिले असते तरी सेन्सर बसवायला गाडी नसती. नेवेनाला घेऊन घरी येतायेता मी ल्युबिंकोकडे वळलो.

त्याच्याकडे आधी कॉफी होते. कॉफी संपेपर्यंत तो बॉनेटला हात लावत नाही.

"बोल पुस्तक्या," तो म्हणाला. मी गावच्या वाचनालयात आयुष्य काढलं, त्याची ही शिक्षा. "काय म्हणते बाई?"

"दिवा लागतो. चढावर मरगळते. यंत्र म्हणतं, तीन सेन्सर गेले."

"यंत्राला विचारू नंतर. सकाळी मरगळते की दुपारी?"

"सकाळी जास्त. दुपारी येताना बरी असते."

"घराकडे तोंड केलं की बरी?"

"घोडी आहे का ती, मिस्त्री?"

"घोडी असती तर एवढं विचारलं नसतं, दात बघितले असते. वहिनी, तुम्ही सांगा. हा छापील बोलतो."

नेवेना शाल लपेटून बसली होती. "मला गाडीतलं काय कळतंय, भाऊजी? पायाला वारा लागतो एवढं कळतं. हीटर बंद असला तरी."

"प्रोमाया," ल्युबिंको म्हणाला आणि त्याने कप खाली ठेवला.

दोन फटींतून आरपार वाहणाऱ्या वाऱ्याला आमच्याकडे प्रोमाया म्हणतात. मान धरणं, कान दुखणं, मूल न होणं, नवऱ्याचा संताप, सगळं तिच्यानेच होतं. युद्धातून वाचलेली माणसं आमच्याकडे प्रोमायाने गेलेली आहेत. निदान त्यांच्या बायका तसं सांगतात. भर उन्हाळ्यात बसमध्ये माणसं शिजतील, पण दुसरी खिडकी उघडू देणार नाहीत. त्यामुळे नेवेना आजारपणात वाऱ्याला इतकी जपत होती, याचं मला नवल वाटलं नाही. त्या दिवसांत तिच्या एका पायात राखाडी लोकरी मोजा असे नि दुसऱ्या पायात तांबडा. आजारी माणसाला असले प्रश्न विचारायचे नसतात, म्हणून मी विचारलं नाही.

ल्युबिंकोने आपला जुना लॅपटॉप जोडला. त्यानेही तीच तीन नावं सांगितली.

"बघ," तो म्हणाला, "हवा मोजणारा म्हणतो, हवा कमी आली. मग मागचे दोघं म्हणतात, आमचा हिशेब जुळत नाही. एक रडला म्हणून बाकीचे रडतायत. तिघांना कशाला बदलायचं? पहिला का रडतो ते बघू."

त्याने हवेची गाळणी काढून बघितली. स्वच्छ होती. सेन्सर फवाऱ्याने धुतला, वाळवला, बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी घळईत दिवा पुन्हा हजर.

"नवा मागवू का मग?" मी विचारलं. एका सेन्सरचे पैसे कसेबसे जमले असते.

"बिघडलाय हे कुणी ठरवलं? आधी पाद्रीबाबांचा लावून बघू."

पाद्री गावरिलो यांची गाडी तेलबदलीसाठी अक्रोडाखाली उभी होती. मेक वेगळं, इंजिन तेच. ल्युबिंकोने त्यांना फोन केला. पाद्रीबाबा म्हणाले, आजाऱ्यासाठी असेल तर काहीही काढ, फक्त चाकं ठेव. दोन्ही सेन्सरांची अदलाबदल झाली. कोरडी, उन्हाची दुपार होती. मी गाडी टेकडीवर पळवली आणि ती खरोखर पळाली.

"झालं! आमचाच सेन्सर गेला होता," मी म्हणालो. "मागव नवा."

"थांब जरा. एक धुक्याची सकाळ जाऊ दे."

"धुक्याचं काय त्यात?"

"मला काय माहीत? सकाळी रडते म्हणालास ना? मग सकाळीच विचारू तिला."

धुकं शनिवार-रविवार गेल्यावर, सोमवारी उतरलं. निशावा नदीवरून ते घळईत शिरलं की पुढची गाडी दिसत नाही, फक्त तिच्या चालकाच्या शिव्या ऐकू येतात. दुसऱ्या बोगद्यात चढावर आमची गाडी थरथरली, खोकली आणि बंद पडली. मागे ट्रक होता. त्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. मी किल्ली फिरवत होतो. दवाखान्याच्या कागदांची पिशवी नेवेनाने पोटाशी धरली होती. शेवटी तो ट्रकवालाच उतरला, माझ्या खानदानाचा उद्धार करत त्याने गाडी बोगद्याबाहेर ढकलली, आणि आत नेवेनाला बघितल्यावर टोपी काढून माफी मागितली.

मी ल्युबिंकोला फोन केला. तो आपली व्हॅन घेऊन आला. अंगात कामाचे कपडे, हाताला ग्रीस. नेवेनाला पुढे बसवलं, तिच्या पायांवर स्वतःचा कोट टाकला, आणि निशपर्यंत सगळ्या काचा बंद ठेवल्या. आम्ही पोचलो तेव्हा परिचारिका पुढच्या पेशंटचं नाव घेत होती. नेवेना आत गेली. ल्युबिंको भिंतीला न टेकता उभा राहिला, भिंत मळू नये म्हणून. त्या पांढऱ्या बोळात त्या दिवशी मला देवदूत दिसला असता, तरी एवढं हायसं वाटलं नसतं. शिवाय देवदूताकडे दोर नसतो. येताना बोगद्यापासून त्याने आमची गाडी व्हॅनला बांधून ओढत आणली, तिचं स्टिअरिंग माझ्या हातात.

त्याआधी, निशहून बोगद्यापर्यंत व्हॅनमध्ये बसून येताना मी विचारलं, "पाद्रीबाबांच्या गाडीचं काय झालं?"

"तुझ्या बिघडलेल्या सेन्सरवर एक लग्न आणि एक बारसं करून आली. म्हणतात, पूर्वीपेक्षा हलकी पळते."

"म्हणजे आमचा चांगलाच आहे?"

"चांगला? खरं बोलतोय तो! पहिल्या दिवसापासून सांगतोय बिचारा, हवा कमी येते, हवा कमी येते. आणि आपण त्यालाच हाकलायला निघालो." त्याने बाहीने समोरच्या काचेवरची वाफ पुसली. "धुक्यात घुसमटते, उन्हात मोकळी होते. म्हणजे हवेच्या वाटेत काहीतरी आहे. ओलं होऊन फुगतं, वाळलं की आकसतं."

नेवेना खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर धुकंच होतं.

अक्रोडाखाली पोचल्यावर तिला आत जाऊन बस म्हटलं, तर ऐकेना. उभी राहिली. ल्युबिंकोने डाव्या दिव्यामागची नळी काढली. तिथे इंजिन बाहेरची हवा घेतं, मुठीएवढं काळं तोंड असतं. गाळणीच्या खूप अलीकडे, म्हणून गाळणी बघताना ते कुणाला दिसलं नव्हतं. त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि थांबला. हात तसाच आत ठेवून त्याने मान वर केली आणि नेवेनाकडे बघितलं. नेवेना अक्रोडाकडे बघत होती. झाडावर तेव्हा एकही अक्रोड नव्हता.

"हं," ल्युबिंको म्हणाला. "उंदीर. घर केलं होतं लेकाने."

काहीतरी ओलं, मळकट त्याने मुठीत दाबून बाहेर काढलं आणि सरळ खिशात घातलं.

"बघू तरी," मी म्हणालो.

"उंदराच्या घरात काय बघायचंय? पोरंबाळं नव्हती, एवढं पुरे. सेन्सर तुझा तुला, पाद्रीबाबांचा पाद्रीबाबांना. आणि वहिनी, तुमच्या बाजूच्या दाराचं रबर पार झिजलंय. पायाला वारा येतो तो तिथून. दुसऱ्या कुठल्या भोकातून नाही. आत्ता बसवून देतो."

त्याने नवी रबराची पट्टी बसवली. दार लावून, आतून हात फिरवून, सगळीकडे वारा लागत नाही ना ते बघितलं. मी पाकीट काढलं.

"किती झाले?"

"रबराचे दे. ते कारखान्यातलं आहे, तिथे मी एक कान देऊन आलोय, फुकट देणार नाही."

"आणि बाकीचं? निशपर्यंत येणं, ओढून आणणं, उंदीर?"

"उंदराचे मी घेत नाही. चल, वहिनी दमल्यात."

दिवा पुन्हा लागला नाही. धुक्यात, पावसात, पहिल्या बर्फात गाडी रोज निशला गेली आणि रोज परत आली. उपचारात एक दिवसही खंड पडला नाही. मी मात्र स्वस्थ बसणारा नव्हतो. गाडी ठेवतो त्या शेडमध्ये पिंजरा लावला, आणि त्यात आमच्या डोंगरातलं काचकावल चीज ठेवलं. पिरोतच्या माणसाने उंदरासाठी काचकावल खर्च करणं म्हणजे काय, ते दुसऱ्या गावच्या माणसाला कळायचं नाही. उंदीर येईना. मी तुकडा मोठा केला.

शेवटचे किरण घेऊन आलो त्या संध्याकाळी मी पुन्हा शेडमध्ये वाकून चीज बदलत होतो. नेवेना दारात उभी राहून बघत होती. एकाएकी ती हसायला लागली. आजारपणानंतर पहिल्यांदाच, आणि असं की चौकटीला धरावं लागलं.

"अरे, पुरे कर! किती खाऊ घालशील त्या उंदराला?"

"का? काय झालं?"

"तो माझा राखाडी मोजा होता."

दिवा लागायच्या आदल्या दिवशी वायपरचं पाणी भरायला मी बॉनेट उघडलं होतं, तेव्हा तिला ते काळं तोंड दिसलं होतं, समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे आ वासलेलं. पायाला वारा इथूनच येतो, हे तिने ताबडतोब ओळखलं. मी बाटली ठेवायला आत गेलो तेवढ्यात पायातला मोजा काढून तिने ते बुजवलं. आमच्या गावातल्या कुठल्याही शहाण्या बाईने हेच केलं असतं.

"मग मला सांगायचं नाही का?"

"व्हॅनमध्ये कळलं मला. माझ्या उपचाराला जायची गाडी मीच बंद पाडली." ती आता हसत नव्हती. "तू काही बोलला नसतास. पण मी बोलले असते, स्वतःला. रोज, त्या टेबलावर पडल्या पडल्या. भाऊजींनी उंदीर म्हटलं आणि मी म्हटलं, बरं, उंदीर तर उंदीर."

मी पिंजऱ्यातलं चीज काढलं, कडा नीट कापल्या, घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली घेतली आणि नदीपलीकडे गेलो. ल्युबिंको गोठ्यात होता. गव्हाणीवरच्या खिळ्याला एक राखाडी मोजा टांगलेला होता, धुऊन, पंजाला चिमटा लावून.

"नेवेनाने सांगितलं," मी म्हणालो. पुढे काय बोलायचं ते मी वाटेत जमवलं होतं, बऱ्यापैकी छापील होतं ते. "मिस्त्री, तू..."

"काय सांगितलं?"

"उंदराचं."

"हां, उंदीर. त्याचं सामान राहिलंय इथे," त्याने मोज्याकडे बोट केलं. "आला की देणार आहे."

"लोकरी मोजा घालतो होय तो?"

"पिरोतचा आहे ना. पायाला जपतो." त्याने चीजचा वास घेतला. "वहिनींचं झालं का सगळं?"

"आज झालं."

"देवाची कृपा. बस, कॉफी टाकतो."

त्याने भांडं चुलीवर ठेवलं, आणि मग उठून गोठ्याचं मागचं दार लावून आला, कारण पुढचं उघडं होतं आणि मी बरोबर मध्ये बसलो होतो.