गोफाच्या माळावरचा काना

ही गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही. बायकोच्याही नाही — आणि तिला माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं काही मनात नाही. वाटू नयेच.

मी राजूरच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. आता निवृत्त होऊन वणीत राहतो. पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली — काना, मात्रा, वेलांटी. एवढं लक्षात असू द्या.

राजूरला कोळशाची खाण आहे, चुन्याच्या भट्ट्या आहेत, आणि भट्ट्यांच्या मागे एक उघडा माळ आहे. त्याला लोक गोफाचा माळ म्हणतात. मला इतिहासाची हौस. एका दिवाळी अंकात मी लेख लिहिला, की पूर्वी सणासुदीला इथे पोरं हातात दोऱ्या धरून नाचत, गोफ विणत, म्हणून हे नाव पडलं. पुरावा? पुरावा कशाला हवा — नावच समोर होतं ना? लेखाचं कौतुक झालं, शाल-श्रीफळ मिळालं. मग पुण्याहून मेघना आली.

मेघना ही तरुण संशोधक. आपल्या देशात अगदी सुरुवातीला गोल्फची मैदानं आखणाऱ्यांपैकी टिलसन नावाचा एक साहेब होता, त्याचं चरित्र ती लिहीत होती. माळावर जागोजाग सपाट गोल चौथरे आहेत, त्यांवर अजूनही धड गवत उगवत नाही. ते पाहून ती हसली. म्हणाली, सर, गोफ नाही, गोल्फ. आपल्या उन्हात हिरवळ टिकेना म्हणून साहेबाने वाळूला तेल पाजून ते चौथरे केले होते. म्हणजे गोल्फचा गोफ लोकांनी केला, आणि त्यावर नाच मी बसवला.

मग काय, वणीत जो भेटेल तो मला पाहून हवेत दोऱ्या विणल्यासारखे हात करी. मीही हसायचो. मास्तरांनी हसण्यावारी नेलं, असं लोकांना वाटलं. नेलं होतं का? — नाही. मला ते फार झोंबलं होतं. पुढचं कळावं म्हणून हे सांगतो आहे, सबब म्हणून नाही.

टिलसनच्या आयुष्याचा मोठा गुंता होता. मेघनाला मिळालेल्या माहितीत टिलसन एकच, पण एकाच हिवाळ्यात तो डोंगरावरच्या थंड हवेत मैदान आखतो आहे आणि इकडे कोळशासाठी जमीनही तपासतो आहे. एका ठिकाणी तो सडाफटिंग, दुसरीकडे लेकुरवाळा. एका फोटोत गोल्फची काठी उजव्या बाजूला, दुसऱ्यात डाव्या. मेघना वैतागून गेली होती. तेव्हा मला आठवलं, राजूरची म्हातारी माणसं एका विहिरीला डावऱ्या साहेबाची विहीर म्हणतात. तिथून गाठ सुटली. टिलसन दोन होते, काका आणि पुतण्या. उजव्या हाताने खेळणारा पुतण्या खाणीतला. डावखुरा काका मैदानं आखणारा. तो पुतण्याला भेटायला म्हणून आला आणि हा माळ पाहून रमला. छत्री घेऊन भर उन्हात माळ तुडवायचा. जिथे छत्री रोवली तिथे दुसऱ्या दिवशी झेंडी लागायची, आणि तिसऱ्या दिवशी ती झेंडी शेळ्या खायच्या — असं मग त्याच म्हाताऱ्यांकडून कळलं.

मी पुन्हा शहाणा ठरलो. मला ते फार आवडलं, हेही सांगून टाकतो. आता एकच प्रश्न उरला होता. डावखुरा टिलसन मेला कुठे? परत गेल्याचं कुठे सापडत नव्हतं. गावात विचारलं की लोक म्हणत, साहेब इथंच राह्यला.

एका सकाळी माळाच्या कडेला, पळसाखाली, आम्हाला एक पांढरा दगड दिसला. चुनखडीचा, एका अंगाने घडवलेला. कलून अर्धा मातीत रुतला होता. उघड्या भागावर एकच खूण होती — वर आडवी रेघ, तिच्याखाली उभी. मी म्हणालो, "टी. टिलसनचा टी." मेघना खाली बसली आणि तिने दगडावर हात ठेवला. कितीतरी वर्षं ती त्या माणसाच्या मागावर होती. तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच टी दिसला. मला तो हवा होता, म्हणून दिसला.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पुढचं चूक नाही.

मेघना पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहायला पुण्याला गेली. वणीतल्या हौशी मंडळींनी त्या जागी चौथरा, कठडा आणि पाटी करायचं ठरवलं. देखरेख अर्थात माझ्याकडे. गवंडी कामाला लागला त्याच दिवशी शेवंताबाई माळ ओलांडून आली. ती भीमनगरातली. नवरा-बायको दोघंही भट्टीवर कामाला होती. नवरा वारला होता. तिची मुलं माझ्या हाताखालून गेलेली.

"गुरुजी, हे साहेबाचं नाही जी," ती म्हणाली. "हे माह्या रमाचं हाये."

रमा तिची पहिली मुलगी. नुकती पाऊल टाकायला लागली होती, तापात गेली. तिला इथे पुरलं. बापाने भट्टीवरून दगड आणला आणि खिळ्याने तिचं नाव कोरलं. तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला शेवंताबाई इथे खिरीची वाटी आणून ठेवायची. मुलीचा फोटो नव्हता, झबलंही उरलं नव्हतं. मुलीचं म्हणून तिच्यापाशी होता तो हा दगड.

ती खाली बसली. बोटांनी माती उकरली, पदराने दगड पुसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले वाचता येत नाही. तुमी वाचा न, काय लिवलं हाये?"

मी वाकलो. आडवी रेघ मातीत संपत नव्हती, डावीकडे पुढे गेली होती. रेघेखाली म होता. त्याच्या अलीकडे र. आणि ज्याला मी टी म्हणत होतो — तो काना होता. पहिलीतल्या कुठल्याही पोराने वाचलं असतं. र. म ला काना मा.

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "बाई, हे इंग्रजी आहे. तुमची जागा चुकते आहे."

ती भांडली असती, वस्तीतून चार माणसं घेऊन आली असती, तर मी कदाचित — नाही. कदाचित वगैरे काही नाही. ती भांडली नाही. दगडाकडे पाहून म्हणाली, "चुकली असन जी. तुमी शिकलेले हा." आणि हाताची माती झटकून निघाली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी गवंड्याला सांगितलं, चौथरा डाव्या बाजूने जरा वर घे. त्याने घेतला. र आणि म सिमेंटखाली गेले. काना वर राहिला.

काय झालं असतं खरं बोललो असतो तर? लोक पुन्हा हसले असते. मेघनाचं शेवटचं प्रकरण अडलं असतं. बस, एवढंच. लोकांचं हसू मला एका मेलेल्या मुलीपेक्षा आणि तिच्या आईपेक्षा जड वाटलं. याला मोठं नाव द्यायची गरज नाही. मी भ्यायलो होतो, आणि भीती झाकायला एका बाईच्या निरक्षरपणाचा उपयोग केला — अक्षरं शिकवून पोट भरलेल्या माणसाने.

पुस्तक निघालं. ते त्या पळसाखाली येऊन संपतं. आभारात माझं नाव सगळ्यात आधी आहे. टिलसनच्या नात्यातली माणसं परदेशातून येऊन त्या चौथऱ्यावर फुलं ठेवून गेली, त्यांच्या फोटोत मीही उभा आहे. टिलसन कुठे मेला, हे कुणालाच ठाऊक नाही. मेघना अजून अधूनमधून फोन करते. मी तिच्याशी टिलसनविषयी बोलतो.

गेल्या बुद्धपौर्णिमेला मी राजूरला गेलो होतो. माळावरून येताना, कठड्यापासून बऱ्याच अंतरावर, एका बाभळीखाली शेवंताबाई बसलेली दिसली. पुढ्यात एक दगड — माळावर पडलेले असतात तसलाच एक. त्याला तिने चुना लावला होता. अगरबत्ती जळत होती, बाजूला खिरीची वाटी होती. मी वाट बदलणार होतो, पण तिने हाक मारली.

"तुमी सांगतलं म्हणून दगड धुंडला जी," ती म्हणाली. "पळस नोहताच. बाभूळच व्हती. आता आठवते मले, मीच भुलली व्हती."

तिने डब्यातून माझ्यासाठी वाटी भरली.

"बरं झालं गुरुजी, तुमी होते. नाहीतर मी मरेपर्यंत त्या साहेबापाशीच रडत बसली असती."

मी चपला काढून खाली बसलो. खीर खाल्ली. चांगली झाली आहे, असंही म्हणालो. तिने आणखी थोडी वाढली. तीही मी खाल्ली.