माउथ ऑर्गनची जागा

दुबईत करामा भागातल्या बागेत दर रविवारी संध्याकाळी एक बँड कंट्री ब्लूज, म्हणजे जुनी अमेरिकन गाणी, वाजवतो. त्यातल्या गिटारवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एरवी तो एसी दुरुस्त करतो. तांब्याच्या पाइपचा तुकडा करंगळीत घालून तो तारांवरून सरकवतो, की गिटार माणसासारखी कण्हायला लागते.

पण प्रत्येक गाण्यात सगळे मध्येच थांबायचे, नुसता पायांचा ठेका चालू. एकदा न राहवून मी त्याला कारण विचारलं.

"वो माउथ ऑर्गनवाले की जगह है. व्हिसा खलास, घर गया." तो हसला. बँड सुरू करणारेही म्हणे कधीच आपापल्या देशी परतलेत. "जानेवाले की जगह हम खाली रखते हैं. कोई आएगा, इन्शाल्ला."

पुण्याहून आणलेला माझा माउथ ऑर्गन कित्येक वर्षं कपाटात पडून होता. पुढच्या रविवारी तो घेऊन गेलो. सगळे थांबले, ठेका चालू राहिला, आणि समोरच्या बाकावरूनच मी भीतभीत फुंकला. पहिलाच सूर चुकला.

गिटारवाल्यानं मान वरही केली नाही. नुसता आपल्या बाकावर थोडा सरकून बसला.