बुटके दांडे

मला अजूनही चीड येते. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची येते, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

अण्णांचा उभा जन्म सोनईकडच्या कांदा बाजारात गेला. सकाळी गेटबाहेरच्या गाड्यांची रांग नुसती बघून ते त्या दिवशीचा भाव सांगायचे. रांग लांब, म्हणजे आवक दांडगी, भाव पडणार. रांग तुटपुंजी, भाव चढणार. म्हातारपणी सावेडीत माझ्याकडे आले आणि मोबाईलवर शेअर बघायला लागले. मी नागापूरच्या कारखान्यातला कामगार, शेअरबाजारात अर्धा शहाणा. एका रविवारी त्यांना आलेखाखालचे उभे दांडे दाखवले. "हा व्हॉल्यूम, अण्णा. दिवसभरात किती शेअरची खरेदी-विक्री झाली ते. भाव चढतोय आणि दांडेही उंच, तर तेजी खरी. दांडे बुटके, तर तेजी पोकळ." त्यांनी मान हलवली, मी खूश. खरंच कळलं का, हे विचारायची तसदी कोण घेतो!

आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे सगळे पैसे त्यांनी एका फडतूस शेअरात घातले. भाव रोज चढत होता, दांडे रोज बुटके होत होते. घेण्याआधी त्यांनी मला फोन केला होता. मी मशीनवर होतो. "शिकवलंय ना? बघा तुमचं तुम्ही," असं खेकसून ठेवला.

शेअर कोसळला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. "दांडे दिसत नव्हते?"

"दिसत हुते की. आवकच न्हाई म्हनल्यावर भाव चढनारच."

अहो, तो काय कांदा आहे! तिथे बुटका दांडा म्हणजे माल कमी नाही, गिऱ्हाईक कमी! एवढं मला त्या फोनवर अर्ध्या मिनिटात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मस्ती, दुसरं काय!

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. आई बसत बसत चढते. तो शेअर आता रोज सकाळीच, दिवसाला जेवढा पडू देतात तेवढा पडून, खालच्या मर्यादेला अडकतो. विकणारे ढीगभर, घेणारा एकही नाही, त्यामुळे दांडे जवळजवळ दिसतच नाहीत. काल मी भाजी घेऊन आलो तर आई दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकलेली, आणि अण्णा तिच्यापुढे मोबाईल धरून उभे.

"बघ, आवक पार थांबली. आता भाव उसळी घेनार. तुजं ऑपरेशन याच म्हयन्यात."

आईचा चेहरा उजळला. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "व्हय रं? खरं हाय का?"

मी पिशवी सावरली आणि तिच्या बाजूनं वर निघून गेलो.