साड्या दाखवत शिकवलेला यील्ड

सन २००० मध्ये आमच्या राज्याचे दोन तुकडे झाले, त्यानंतर दोनेक वर्षांनी शिंदे की छावनी या वस्तीतला माझा चार मशीनचा कॉम्प्युटर क्लास फूलबागेजवळच्या मोठ्या संस्थेत विलीन झाला. खुर्च्या, पंखे, तासांच्या वेळा, एकेका गोष्टीसाठी मी भांडले आणि बरंच पदरात पाडून घेतलं. एकच गोष्ट घासाघिशीत बसेना: प्रोग्रॅमिंग कोण शिकवणार? संस्थेचे सर म्हणाले, नमुना तास घ्या, मग ठरवू. दुसरा उमेदवार डिग्रीवाला. मी पाटणकर बाजारात साड्यांच्या दुकानात काम करत, उरल्या वेळात शिकलेली. तास बिघडला तर टायपिंगच्या वर्गात बसवणार, हे उघड होतं.

मला विषय आला इटरेटर आणि यील्ड. मी फळ्याकडे वळलेच नाही.

"साधं फंक्शन म्हणजे अडाणी नोकर," मी म्हटलं. "गिऱ्हाईक आलं की अख्खा गठ्ठा गादीवर ओततो. हजार साड्या असल्या तर बसायला जागा उरत नाही. मेमरी अशीच भरते. यील्डवालं फंक्शन एक साडी पुढे करतं आणि तिथेच थांबतं. तुम्ही 'नेक्स्ट' म्हणा, मग पुढची. कुठे थांबलो होतो हे ते विसरत नाही. असं मागाल तेव्हा एकेक देतो, तो इटरेटर. फॉर लूप दुसरं काय करतं? संपेपर्यंत नेक्स्ट, नेक्स्ट म्हणत राहतं."

मुलं हसत होती, म्हणजे समजत होतं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पहली वाली फिर से देखनी हो तो?"

"दाखवणार ना! गिऱ्हाईक शेवटी पहिलीच घेतं."

तिने मशीनवर माझं साड्यांचं फंक्शन एकदा संपेपर्यंत चालवलं आणि तोच इटरेटर दुसऱ्या लूपला दिला. पडदा कोरा. चूक झाल्याचा संदेशसुद्धा नाही.

"काय बाई, दुकान बंद?" मागच्या बाकावर गुण द्यायला बसलेले सर म्हणाले.

"तुमचं मशीनच भंगार आहे!" मी ओरडले.

मशीन ठीक होतं. दुकानात मी कितीदा तरी गठ्ठा उलटून पहिली साडी काढली होती. इटरेटर मागे जात नाही, संपला की संपला, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

"सर, दोन मिनिटं द्या."

"वेळ झाली," म्हणत त्यांनी पेनला टोपण लावलं आणि ते निघून गेले.

मी मुलीला म्हटलं, "फंक्शनला नव्याने बोलाव." तिने बोलावलं. पडद्यावर पहिल्यापासून सगळ्या साड्या आल्या.

"अच्छा, हर बार नया गठ्ठा खुलवाना पड़ेगा," ती म्हणाली. माझ्यापेक्षा नीट म्हणाली.

पुढची तीन वर्षं मी टायपिंग शिकवलं. चूक माझी होती, हे कबूल. मशीनला भंगार म्हटलं नसतं तर सर थांबले असते का, हेही मी खूपदा मनात घोळवलंय. पण ती चूक वर्गासमोर दुरुस्त झाली तेव्हा ते खोलीत नव्हते, आणि हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.