खाणाऱ्याचं नाव

उषाकाकू लोकांच्या ताटातली हाडं गोळा करायच्या. अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावच्या मराठी मंडळाची उन्हाळी पिकनिक होती. मला नागपूरहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तंदुरी चिकनची तंगडी संपवून मी कागदी प्लेट कचऱ्यात टाकायला निघालो, तर सुती साडी आणि पायात स्नीकर्स अशा सत्तरीच्या एक बाई आडव्या आल्या. "थांब, टाकू नकोस ते," म्हणाल्या आणि माझं चघळलेलं हाड उचलून उन्हात धरलं. "नाव काय तुझं?" मी सांगितलं. त्यांनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, हाड आत टाकलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: 'तंगडी, डावी. खाणारा: नितीन.' मला शिसारी आली. माझ्या बायकोने त्यांच्याशी हात मिळवायचं टाळून लांबूनच नमस्कार केला.

काकू एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. उत्खननात निघालेली हाडं कोणत्या प्राण्याची, हे ओळखणं त्यांचं काम. तरुणपणी तीन उन्हाळे त्या पूर्व फ्रान्समध्ये एका उत्खननावर होत्या. रोमन काळात तो भाग गॉल प्रांतात मोडायचा, आणि तिथे मिथ्राचं एक देऊळ सापडलं होतं. मिथ्रा हा रोमन सैनिकांचा लाडका देव. त्याचं देऊळ म्हणजे जमिनीत खोल बांधलेली अरुंद, अंधारी खोली, दोन्ही बाजूंना जेवायला बसण्याचे ओटे आणि समोर बैलाला भोसकणाऱ्या मिथ्राचं शिल्प. सगळ्यांना वाटलं होतं, इथे बैल कापत असणार. पण बाहेरच्या खड्ड्यातली हाडं काकूंच्या टेबलावर आली तेव्हा निघाले कोंबडे. ढिगाने कोंबडे, आणि थोडी डुकराची पिल्लं.

"भिंतीवर बैल आणि पानात कोंबडी!" काकू हे इतक्या आनंदाने सांगायच्या, की जणू त्या पंगतीला त्या स्वतः होत्या. "अरे, त्या खोलीत बैल शिरला तरी असता का? देवाने काय केलं ते दगडात बघायचं. माणसांनी काय केलं ते उकिरड्यात."

त्यांच्या बेसमेंटमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नाकाला रुमाल लावावा लागला. शेगडीवर पातेल्यात हाडं रटरटत होती, त्यात चमचाभर कपडे धुण्याची पावडर. चरबीचा आणि साबणाचा तो एकत्र वास दोन दिवस माझ्या जॅकेटला होता. पिकनिकची हाडं अशी साफ करून त्या दातांच्या खुणा भिंगातून बघायच्या आणि देवळातल्या हाडांच्या फोटोंशी ताडून पाहायच्या. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर खाणाऱ्याचं नाव. "तू टोकं चावतोस, नितीन. आमचे शरदराव बघ, पार मगज चोखून काढतात." शरदकाका म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त डॉक्टर. त्यांच्या नावाच्या एकाच पिकनिकच्या तीन तंगड्या तिथे होत्या. चिठ्ठी लावताना काकूंचा हात फार सावकाश चालायचा. "हाड खोटं बोलत नाही रे. चिठ्ठी लिहिणारा बोलतो."

पुढे मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे आलं आणि मी काकूंकडे लेख मागितला. तेव्हा कळलं, फ्रान्सच्या त्या उत्खननाच्या अहवालात त्यांचं नाव फक्त आभाराच्या पानावर होतं. सगळी हाडं त्यांनी मोजली आणि लेखक म्हणून नाव लागलं प्रोफेसरांचं. "माझ्या नावाने हे पहिल्यांदाच छापून येईल," त्या म्हणाल्या. "आणि तेही मराठीत. माझ्या आईला वाचता आलं असतं." चार पानं त्यांनी हाताने लिहून दिली, एकही खाडाखोड नसलेली.

शरदकाकांनी ती वाचली आणि तोंड वाकडं केलं. "कोंबड्या? डुकराची पिल्लं? गणपतीच्या अंकात? डिस्गस्टिंग आहे हे, नितीन. मुलं वाचतात. कट कर. आणि मिथ्रा म्हणजे आपला वेदातला मित्र देवच ना? मग ते हायलाइट कर. लोकांना प्राउड वाटेल."

काकूंचं यावरचं मत मला ठाऊक होतं. नावाचं नातं इराणमार्गे वेदांपर्यंत पोचतं हे त्या मान्य करायच्या, पण लगेच म्हणायच्या, "माझ्या अमेरिकन शेजारणीचं नाव मीरा आहे. म्हणून ती कृष्णाची भजनं म्हणते का?" हे सगळं ठाऊक असूनही मी कापाकापी केली. 'कोंबड्यांची हाडं' काढून 'नैवेद्याचे अवशेष' लिहिलं. मथळा बदलून 'रोमन साम्राज्यातील वैदिक देव' केला. आणि सांधा जुळेना म्हणून एक वाक्य पदरचं घातलं, की हे सैनिक सात्त्विक आहार घेऊन सूर्याची उपासना करत. ते वाक्य शरदकाकांचं नव्हतं, माझं होतं. चार पानांची दीड झाली. खाली काकूंचा फोटो आणि नाव.

गणेशोत्सवाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये अंक वाटले गेले. काकूंनी चष्मा बदलून लेख वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. स्टेजवरून शरदकाकांनी त्यांना सत्कारासाठी बोलावलं. त्या उठल्या नाहीत, तेव्हा ते स्वतः खाली आले आणि टाळ्यांच्या गजरात त्यांच्या खांद्यावर शाल घातली. काकूंनी ती काढली, नीट घडी केली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवून त्या बाहेर पडल्या. मी पार्किंग लॉटमध्ये त्यांना गाठलं.

"कोंबड्या कुठे गेल्या, नितीन?"

"काकू, ते... स्पेसचा प्रॉब्लेम होता."

"अच्छा. स्पेस." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "पुढच्या अंकात दोन ओळी छाप. हाडं कोंबड्यांची होती, एवढंच. माफी वगैरे नको."

मी 'नक्की' म्हणालो. पुढच्या वर्षी शरदकाका म्हणाले, "आता कोणाच्या लक्षात आहे? लेट इट गो, यार." मी सोडून दिलं. दरम्यान पुण्याहून माझ्या मावसभावाने मला एक फॉरवर्ड पाठवला, 'प्रत्येक हिंदूने वाचावं असं'. काकूंचाच लेख होता, माझ्या सात्त्विक वाक्यासह, काकूंच्या नावासह. वाचताना मला त्या बेसमेंटमधला वास आठवला आणि कळलं, याच्यापुढे तो वास काहीच नव्हता.

काकू त्यानंतर पिकनिकला आल्या नाहीत. मी फोन करायचं टाळत राहिलो. मार्चमध्ये त्या गेल्या. त्यांची मुलगी मंजिरी मॉरिसव्हिलहून घर आवरायला आली आणि तिने मला बोलावून एक खोका दिला. "आईने तुझ्या नावाने ठेवला होता. त्यात काय आहे, आय हॅव नो आयडिया."

वरच माझी तंगडी होती, पांढरी स्वच्छ, टोकं चावलेली. तिच्याखाली त्या चार पानांची हस्तलिखित प्रत. आणि तळाशी स्मरणिकेतून कापून घेतलेला तो लेख, दोऱ्याने चिठ्ठी बांधलेला. अक्षर नेहमीसारखंच सावकाश काढलेलं होतं: 'लेख. चारपैकी दीड पान शिल्लक. खाणारा: नितीन.'

शरदकाकांचं नाव तिथे नव्हतं. काकू चिठ्ठी चुकीची लिहीत नसत.

दोन ओळी छापायच्या राहिल्या होत्या, त्या इथे लिहितो. देवळातली ती हाडं कोंबड्यांची होती. ती उषाकाकूंनी ओळखली होती.